आंतरराज्य दूरशिक्षण करारानं कॉलेजचा खर्च खरंच वाचतो का? कोल्हापूर-निपाणी पट्ट्यासाठी विचारतोय

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शिकवतो आणि सोबत आमच्याकडच्या दूरशिक्षण अभ्यासकेंद्राचं काम बघतो. परवा मॅनेजमेंटच्या मीटिंगमधे एका संचालकांनी विषय काढला की अमेरिकेत म्हणे राज्याराज्यांनी मिळून दूरशिक्षणाचा करार केलाय आणि त्यामुळं तिथल्या कॉलेजांचा लई पैसा वाचतो, आपण तर कर्नाटकच्या सीमेवरच बसलोय, तर आपल्याला तसं काही करता येतंय का बघा आणि चार पानी टिपणी द्या. आता टिपणी लिहायची म्हणजे आधी मला समजलं पाहिजे ना.

माझा अनुभव सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. ॲडमिशनच्या दिवसांत निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडची पोरं-पोरी येतात, घरात मराठी बोलणारी, पण बारावी कर्नाटकच्या पीयू बोर्डाची. एकेक फाइल बघा तुम्ही. मार्कशीटवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, आमच्या फॉर्मला आडनाव आधी, आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. मग स्टॅम्प पेपरवर ॲफिडेव्हिट, मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज, त्याची फी, आणि एक कागद कमी निघाला की पोरगं परत निपाणीला. आमचा क्लार्क एका सीमाभागातल्या फाइलला जेवढा वेळ देतो तेवढ्यात इथल्या चार-पाच फाइली होतात. हा वेळ म्हणजे कॉलेजचा खर्चच की, पण तो कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

तर विचारायचंय की अमेरिकेतल्या करारात नेमकं वाचतं काय? फी वाचते का माणसांचा पगार वाचतो? आणि वाचलेला पैसा विद्यार्थ्यापर्यंत येतो का? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा, मोठं झालं तरी चालेल.

ओहायोतला_शिरोळकर

सर, मूळ गाव शिरोळ तालुक्यातलं, सध्या ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात हेच काम करतो, म्हणजे आमचं कॉलेज दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्याला ऑनलाइन शिकवतंय तर तिथल्या राज्याच्या नियमात ते बसतंय का हे बघायचं. त्यामुळं लांबण लागेल, वाचा सावकाश.

त्या कराराला सारा म्हणतात, स्टेट ऑथरायझेशन रेसिप्रोसिटी ॲग्रीमेंट. मुळात अमेरिकेत आपल्या यूजीसीसारखी दिल्लीत बसून सगळ्या देशाला मान्यता देणारी एकच संस्था नाही. कॉलेजला परवानगी देणं हे राज्याचं काम. कॅम्पस एका राज्यात आणि विद्यार्थीही तिथंच होते तोवर कुणाला काही अडचण नव्हती. ऑनलाइन कोर्स वाढले आणि एका कॉलेजचे विद्यार्थी वीस-तीस राज्यांत पसरले तेव्हा प्रत्येक राज्य म्हणायला लागलं की आमच्या हद्दीतल्या माणसाला शिकवताय तर आमची परवानगी घ्या. त्यात २०१० साली तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्यानं नियम काढला की विद्यार्थी ज्या राज्यात बसून शिकतो तिथली परवानगी कॉलेजनं घेतलेली पाहिजे, नाहीतर केंद्राची आर्थिक मदत धोक्यात. दूरशिक्षणाचा तो भाग २०११ मधे कोर्टानं रद्द केला आणि २०१२ मधे अपिलातही तो रद्दच राहिला, पण राज्यांचे स्वतःचे कायदे होतेच ना, ते कुठं जाणार. सगळी कॉलेजं खडबडून जागी झाली आणि पन्नास राज्यांचे पन्नास नियम वाचत बसली.

ते नियम म्हणजे काय तर एका राज्यात नुसत्या ऑनलाइन कोर्सला काहीच लागायचं नाही, दुसऱ्यात हजारो डॉलर अर्जाची फी, तिसऱ्यात फी कमी पण श्युअरिटी बाँड, म्हणजे पैशाची हमी, द्या, चौथ्यात प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा फॉर्म, प्राध्यापकांचे बायोडाटा, ऑडिट रिपोर्ट, आणि बऱ्याच ठिकाणी ते दरवर्षी किंवा दोन वर्षांनी रिन्यू करायचं. तारखा सगळ्यांच्या वेगळ्या. आमच्या ऑफिसात माझ्या आधीच्या बाईंनी एक एक्सेल शीट ठेवलेली, उभी सगळी राज्यं, आडव्या अटी, आणि लाल रंगाचे चौकोन म्हणजे ‘इथले विद्यार्थी घेऊ नका’. हे खरं नुकसान होतं बघा. एखाद्या राज्यातनं दोन अर्ज यायचे आणि परवानगीचा खर्च त्या दोघांच्या फीपेक्षा जास्त, मग कॉलेज सरळ नाही म्हणायचं. असं पुष्कळ कॉलेजांनी केलं.

२०१३ मधे सारा ठरलं, २०१४ मधे पहिलं राज्य इंडियाना आलं. आता कॅलिफोर्निया सोडून बाकी ४९ राज्यं त्यात आहेत, कॉलेजं दोन हजारांच्या वर. पद्धत सोपी आहे. तुमच्या कॉलेजचं मुख्य ठिकाण ज्या राज्यात त्या राज्यानं तुम्हाला तपासायचं, मान्यता आहे का, आर्थिक स्थिती कशी आहे ते बघायचं, आणि त्यानं हो म्हटलं की बाकीच्या सदस्य राज्यांनी ते मानायचं. आपण एमएच ०९ ची गाडी घेऊन बेळगावला जाताना कर्नाटकचं वेगळं लायसन काढत नाही, तसं.

आता पैशाचं. सुरुवातीच्या दरानं साराची वर्षाची फी विद्यार्थीसंख्येवर होती, अडीच हजारांच्या आत असतील तर २,००० डॉलर, दहा हजारांच्या आत ४,००० आणि त्याच्या वर ६,०००. शिवाय स्वतःचं राज्य वेगळी फी घेऊ शकतं. म्हणजे फुकट नाही. पण समजा एका छोट्या कॉलेजला दहा राज्यांची वेगवेगळी परवानगी घ्यायची असती तर फी आणि बाँडचे हप्ते मिळूनच याच्यापेक्षा बरंच जास्त झालं असतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यासाठी एक पूर्णवेळ माणूस ठेवायला लागला असता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे सर, वाचतो तो मुख्यतः माणसाचा वेळ. मोठ्या विद्यापीठांकडं वकील होते, ऑफिस होतं, त्यांनी कसंही निभावलं असतं. छोट्या कॉलेजांना हा करार जास्त उपयोगी पडला असं माझं स्पष्ट मत आहे.

काय वाचत नाही तेही लिहा टिपणीत. नर्सिंग, शिक्षक, समुपदेशक असे लायसन लागणारे कोर्स असतील तर प्रत्येक राज्याच्या बोर्डाचे नियम वेगळे बघावेच लागतात, सारा तिथं काही करत नाही. हॉस्पिटलात किंवा शाळेत प्रॅक्टिकलला पाठवायचे तर एका ठिकाणी एका प्रोग्रामचे एकावेळी दहा विद्यार्थी एवढीच मोकळीक. कॅलिफोर्नियाचं वेगळं बघायचं. आणि कुठल्या राज्यात आपले किती विद्यार्थी आहेत याचा आकडा दरवर्षी द्यायचा. निम्मं काम अजून आहेच, म्हणून तर माझी नोकरी आहे.

कागलचा_वकील

वरचं उत्तर छान आहे, पण एक बाजू राहिली ती मांडतो, कारण मॅनेजमेंटला नुसतं ‘खर्च वाचतो’ ऐकायला आवडतंय.

दादांनी श्युअरिटी बाँड खर्चात धरला. कॉलेजच्या बाजूनं बघितलं तर खर्चच. पण तो बाँड असतो कशाला? कॉलेज मधेच बंद पडलं तर विद्यार्थ्याला फी परत देण्यासाठी. २०१५ मधे कॉरिंथियन कॉलेजेस बंद झालं, २०१६ मधे आयटीटी टेक, दोन्ही नफ्यासाठी चालणाऱ्या साखळ्या, कितीतरी राज्यांत पसरलेल्या, आणि विद्यार्थी अर्ध्या वाटेवर कर्ज डोक्यावर घेऊन उभे राहिले. करारावर तिथल्या ग्राहक संघटनांचा मोठा आक्षेप हाच आहे की विद्यार्थी ज्या राज्यात राहतो त्या राज्यानं स्वतःच्या लोकांसाठी कडक नियम केले असतील तरी बाहेरच्या सदस्य कॉलेजवर ते पूर्ण लावता येत नाहीत, आणि तक्रार आधी कॉलेजकडं आणि मग कॉलेजच्या राज्याकडं जाते. विद्यार्थी एका टोकाला, दाद मागायची दुसऱ्या टोकाला.

आपल्याकडं याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता यूजीसीनं २०१५ मधे काढली ती २०१३ पासून, मुख्य कारण राज्याबाहेर केंद्रं आणि खाजगी संस्थांबरोबरचे करार. मान्यता परत मिळाली ती २०१८ मधे. मधल्या वर्षांतल्या पोरांनी काय करायचं? महाराष्ट्रात बसून तिथली डिग्री घेतलेले लोकही त्यात होते. आमच्याकडं एकजण सल्ल्याला आलेला, पाच वर्षं नोकरी झालेली, प्रमोशनच्या वेळी डिग्री चालणार नाही म्हणाले. त्याच्या हातात फी भरल्याच्या पावत्या होत्या, एकही खोटी नव्हती.

त्यामुळं सर, टिपणीत वाचणाऱ्या पैशाइतकीच जागा याला द्या की केंद्र बंद झालं तर विद्यार्थ्याला कोण सांभाळणार आणि तक्रार कुठं करायची. ते कागदावर नसेल तर असा करार होऊच नये असं मला वाटतं.

ओहायोतला_शिरोळकर

वकीलसाहेब, मुद्दा मान्य. फक्त एक सांगतो, खाजगी कॉलेजला करारात यायला आर्थिक स्थितीचा ठरावीक स्कोअर लागतो, आणि मार्कांची किंवा शिस्तीची तक्रार सोडून बाकीच्या तक्रारी दुसऱ्या राज्याचा विद्यार्थीही आमच्या राज्याकडं करू शकतो. ते पुरेसं आहे का यावर इथंही वाद चालूच आहेत.

परीक्षा_विभाग_निवृत्त

शाहूपुरीकर सर, मी आयुष्य परीक्षा आणि पात्रतेच्या टेबलावर काढलंय, म्हणून सांगतो, तुमच्या संचालकांना आधी हे समजावा की अमेरिकेतली बचत जशीच्या तशी आपल्याकडं होणारच नाही कारण तो खर्चच आपल्याकडं नाही. शिवाजी विद्यापीठाला दूरशिक्षणासाठी कर्नाटक सरकारची परवानगी विकत घ्यायला लागत नाही. परवानगी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोची, एकच.

अडचण वेगळी आहे. ४ सप्टेंबर २०२० च्या नियमावलीत दूरशिक्षणाच्या दोन वाटा आहेत. एक ओडीएल, म्हणजे पुस्तकं पोस्टानं, अभ्यासकेंद्र, रविवारची संपर्कसत्रं. याला हद्द आहे. राज्य विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्राबाहेर केंद्र काढता येत नाही, शिवाजी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली, सातारा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं तरी ते महाराष्ट्रापुरतं. दुसरी वाट ऑनलाइन, तिला हद्द नाही, देशात कुठंही बसून शिका. पण ते करायला विद्यापीठाचा दर्जा वर पाहिजे, नियमावलीत नॅकच्या, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, चारपैकी ३.२६ गुणांची अट होती, शिवाजी विद्यापीठाला २०२१ मधे ३.५२ मिळालेत, त्यामुळं तिथं दार उघडं आहे. फ्रँचायझी मात्र पूर्ण बंद. म्हणजे निपाणीतल्या एखाद्या क्लासवाल्याला बोर्ड लावायला देऊन कमिशन वाटून घेणं हे डोक्यातनं काढून टाकायचं, कर्नाटक मुक्तच्या वेळी जे झालं ते याच रस्त्यानं झालं.

आणि करार करायचाच म्हटलं तर कुणाच्या छत्राखाली? अमेरिकेत चार विभागीय मंडळं आधीपासून होती, काही पन्नासच्या दशकातली, त्यांच्यावरच सारा उभं राहिलं. आपल्याकडं १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं विभागीय परिषदा केल्या पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत, गोवा आणि गुजरातबरोबर, आणि कर्नाटक दक्षिणेत. म्हणजे कोल्हापूर आणि बेळगाव एका टेबलावर बसायलाच जागा नाही. त्यात सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात, २००४ पासून. सरकार पातळीवर कुणी सही करेल असं मला वाटत नाही, वाट बघू नका.

मग वाचवायचं कुठं? पहिलं म्हणजे पात्रता. सीमाभागातल्या पोरांची कागदपत्रं तपासायला दर जूनमधे नव्यानं सुरुवात का करायची? पीयू बोर्डाची मार्कशीट कशी दिसते, नाव कुठल्या क्रमानं येतं, मायग्रेशन कोण देतं याचा एक पानाचा तक्ता करून काउंटरला चिकटवा. हे सांगायला कुठला करार लागत नाही. आता तर ॲडमिशनला डीईबी आयडी, म्हणजे त्याच दूरशिक्षण ब्युरोचा नंबर, लागतोय आणि तो अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याच्या, आयडीवर निघतो, त्यामुळं नाव एकदाच नीट बसवलं की पुढं त्रास कमी. पोराला फॉर्म भरायच्या आधी फोनवर सांगा की आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळवून घे.

दुसरं स्वयम, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. विद्यापीठानं मान्य केलं तर एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमच्या कोर्समधनं घेता येतात. ज्या ऐच्छिक विषयाला तुमच्याकडं सहा-सात पोरं असतात आणि बाहेरनं तासिका तत्त्वावर माणूस बोलवायला लागतोय, तिथं हा खरा पैसा वाचेल. पण मुख्य विषयाला असलं करू नका, पोरांना समोर माणूस पाहिजे.

तिसरं पुस्तकं. स्वयं-अध्ययन साहित्य लिहून घेणं, तपासणं, छापणं हा दूरशिक्षणातला जड खर्च. बी.कॉम.चं अकाउंटन्सी कोल्हापुरात काय आणि बेळगावात काय, डेबिट-क्रेडिट तेच. दोन विद्यापीठांनी मिळून एक पुस्तक तयार करून एकानं मराठीत आणि एकानं कन्नडमधे काढलं तर लेखकाचं आणि तपासणीचं काम एकदाच होईल. हे विद्यापीठ-विद्यापीठ सामंजस्य करारानं होऊ शकतं, मंत्रालयापर्यंत जायला नको. हे व्हावं असं मला फार वर्षं वाटतंय.

निपाणीची_मी

मी वाचत होते सगळं, लिहावं की नको असं वाटत होतं पण लिहिते. मी निपाणीची, कापडाच्या दुकानात कामाला आहे आणि कोल्हापूरच्या केंद्रातनं एम.ए. मराठी करतेय. इकडं जवळ मराठीतनं दूरशिक्षण मिळत नाही म्हणून कोल्हापूर.

तुम्ही सगळे कॉलेजचं काय वाचतं ते बोलताय पण आमचं काय जातं ते सांगते. संपर्कसत्राला यायचं म्हणजे पहाटेची एसटी, चाळीस किलोमीटर आहे तसं जास्त नाही पण त्या दिवशीचा पगार कापतात. पगार कापून तिकीट घालून यायचं आणि इथं आल्यावर कळतंय सर आले नाहीत सत्र पुढच्या रविवारी, मेसेज ग्रुपवर टाकलेला पण रात्री अकराला. आणि सीमेवरनं काही पेटलं की दोन्हीकडच्या बशी बंद करतात, २०२२ च्या शेवटी झालं तसं आणि परत २०२५ च्या फेब्रुवारीत, त्यावेळी परीक्षा असली तर माणसानं जायचं कसं? माझ्या एका मैत्रिणीला भावानं मोटरसायकलवरनं कोगनोळीपर्यंत सोडलं आणि तिथनं पुढं मिळेल त्या गाडीनं गेली ती पेपरला. ती पास झाली पण सगळ्यांना भाऊ आणि गाडी असते असं नाही.

निवृत्त काकांनी जे सांगितलं नावाच्या क्रमाचं ते अगदी खरं आहे, माझं ॲफिडेव्हिट दोनदा करायला लागलं कारण पहिल्यात वडिलांचं नाव मार्कशीटसारखं लिहिलं आणि त्यांना आधारसारखं पाहिजे होतं. तो तक्ता खरंच लावा.

पैसे वाचले तर फी कमी करा असं मी म्हणत नाही, फी परवडतीय. सत्रं ऑनलाइन पण ठेवा एवढंच, म्हणजे ज्यांना यायला जमत नाही ते घरनं बघतील.

कागलचा_वकील

ताई, तुमचं लिहिणं वरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा उपयोगी आहे. सर, टिपणीत हे घाला, नाव न देता. आणि बस बंद असताना परीक्षा चुकली तर फेरपरीक्षा विनाशुल्क द्यावी अशी मागणी केंद्रानं विद्यापीठाकडं लेखी करावी. तोंडी सांगून उपयोग नाही, आवक नंबर घ्या.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मी मॅनेजमेंटला सरळ लिहिणार आहे की अमेरिकेतल्या करारानं वाचतो तो राज्याराज्यांची परवानगी परत परत काढण्याचा खर्च, तो आपल्याला नाहीच, त्यामुळं तसल्या कराराच्या नावानं बचतीचा आकडा मी देऊ शकत नाही. आपली बचत फाइलीवर जाणारा क्लार्कचा वेळ, स्वयमचे ऐच्छिक विषय आणि सामाईक पुस्तकं इथनं येईल. पुस्तकांचा प्रस्ताव विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राकडं पाठवायला मी स्वतः पाठपुरावा करतो. निवृत्त सर, तुमचा तो तक्ता मला पाठवाल का, मी छापून घेतो, आणि जमलं तर जूनमधे काउंटरवर दोन दिवस येऊन बसा, आमची नवीन पोरं शिकतील.

वाचलेल्या पैशातनं पहिल्यांदा वर्गात चांगला माइक आणि कॅमेरा घ्यायचा असं मी सुचवणार आहे, म्हणजे सत्र सुरू असतानाच ऑनलाइन दिसेल आणि रेकॉर्डिंगही राहील. सत्र रद्द झाल्याचा मेसेज आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत गेलाच पाहिजे हे मी आजच सगळ्या शिक्षकांना सांगितलंय, त्याला तर पैसाच लागत नाही.

निपाणीच्या ताई, एक विचारायचं होतं, तुमच्याकडच्या विद्यार्थ्यांना रविवार सोयीचा का दुसरा कुठला वार?

निपाणीची_मी

रविवार नको सर, रविवारी गिऱ्हाईक जास्त असतंय म्हणून सुट्टी देत नाहीत. आमच्याकडं दुकानं सोमवारी बंद असतात. मी ग्रुपवर बाकीच्यांना विचारून उद्या संध्याकाळपर्यंत सांगते, चिकोडीच्या दोघी शाळेत शिकवतात त्यांना सोमवार जमणार नाही बहुतेक, त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग चालेल का ते पण विचारते.